बंबाची टाळेबंदी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य म्हणजे, "अगं, बंद पडला!" बाथरूमच्या बंद दारामागून, डोळ्यांत शांपू गेलेल्या माणसाच्या आवाजात. कधी मुलीच्या, कधी नवऱ्याच्या. सासूबाई असं ओरडत नाहीत. त्या गार पाण्याने अंघोळ उरकून बाहेर येतात आणि दिवसभर कोणाशी बोलत नाहीत, त्यावरून काय ते कळतं.

बंद पडायचा तो गॅसचा गीझर. सासूबाई त्याला अजून बंबच म्हणतात. आम्ही पार्ल्याला पूर्वेला राहतो, चार मजली जुन्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीतल्या टाकीखाली. गीझर पाइपच्या गॅसवर चालतो, मिनिटाला ६ लिटरवाला, आणि बाथरूममध्ये नाही तर स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत लावलेला आहे. गॅसचा गीझर बाथरूममध्ये लावायचा नसतोच. पण त्यामुळे एक अडचण अशी की अंघोळ करणारा एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे. आतल्या माणसाला फक्त पाणी गार झालेलं कळतं. बाहेर यंत्राने काय केलं, ते बघायला तिथे कोणी नसतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. रोज नाही. दोन दिवस सुरळीत, मग सलग तीन दिवस छळ, मग पुन्हा काही नाही. कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला तो दुपारी ३ वाजता, लख्ख ऊन पडलं असताना. नळ उघडला, भप्प करून पेटला. बंद केला, उघडला, पेटला. दहा वेळा. वैद्य दारात आला की दुखणं पळतं, तशातली गत. "मॅडम, सेल वीक आहेत," म्हणाला आणि दोन्ही सेल बदलून ३५० रुपये घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी मुलगी पहाटे अंघोळीला गेली आणि "अगं, बंद पडला!"

दुसऱ्या वेळी दुसरा माणूस आला. तोही दुपारीच. त्याने मायक्रोस्विच बदलला. आधीचा खराब होता का, विचारलं तर म्हणाला, "बदलून बघू." मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तिसऱ्याने तर झाकणही उघडलं नाही. सहा वर्षं झालीत ना, मग नवीनच घ्या, एक्स्चेंज ऑफर आहे, म्हणाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आमच्या घरात त्या महिन्यात फारच शब्दशः लागू झाली.

नवऱ्याचं निदान वेगळं होतं. त्याच्या मते शेजारच्या इमारतीत नवीन जोडण्या दिल्यापासून गॅसचं प्रेशर पडतंय. आणि माझं मत? मला मतच नव्हतं. मला फक्त सकाळी ८ची लोकल दिसत होती.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. काका चौऱ्याहत्तरचे. माहुलच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. मला वाटलं, पाना-पक्कड घेऊन येतील. ते हात हलवत आले, बाल्कनीत उभे राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "बंद पडतो म्हणजे नक्की काय करतो?"

"बंद पडतो म्हणजे... बंद पडतो."

"अगं, पेटतच नाही, की पेटून मध्येच विझतो? विझल्यावर टिकटिक करतो की गप्प बसतो? गीझरवरच्या त्या आकड्यांच्या खिडकीत काही उमटतं का?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. महिनाभर त्रास सोसला, हजारभर रुपये घालवले आणि नक्की काय होतं ते आमच्यापैकी कोणी एकदाही बघितलं नव्हतं.

मग काकांनी गीझर कसा चालतो ते सांगितलं, आणि ते ऐकल्यावर माझं अर्धं कोडं तिथेच सुटलं. नळ उघडला की पाण्याच्या वाहण्याने आतला रबरी पडदा सरकतो आणि स्विच दाबला जातो. स्विच दाबला की सर्किटला कळतं, पाणी आलं. सर्किट दोन कामं करतं: ठिणग्या पाडतं, तीच ती टिकटिक, आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं. ज्योत पेटली की ज्योतीत ठेवलेल्या एका सळीतून अगदी बारीक प्रवाह वाहतो, अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबातला. आग वीज वाहून नेते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तो प्रवाह मिळाला की सर्किट समजतं, पेटलं बुवा, आणि टिकटिक थांबवतं. काही सेकंदांत तो मिळाला नाही की गॅस बंद, आणि खिडकीत ई-१, म्हणजे न पेटल्याची खूण. पाण्याचा ओघ कमी झाला तर मात्र गोष्ट निराळी. तेव्हा स्विचच सुटतो, सर्किट झोपी जातं, ना टिकटिक ना ई-१. म्हणजे गीझर दोन तऱ्हांनी बंद पडतो. एकदा भांडून, एकदा रुसून.

"मोठ्या बॉयलरला हेच असतं," काका म्हणाले. "पेटवायच्या आधी भट्टीतून नुसती हवा खेळवायची, आत गॅस साठला असेल तर निघून जावा म्हणून. मग छोटी ज्योत, मग मोठी. ज्योत दिसली नाही की गॅस कट. माणूस येऊन बटण दाबेपर्यंत कटच. त्याला लॉकआउट म्हणतात."

सासूबाई आतून चहा घेऊन येत होत्या, त्या थबकल्या. त्यांचं माहेर लालबागचं, वडील गिरणीत. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, तेव्हा त्या लग्न होऊन पार्ल्यात आल्या होत्या, पण माहेरची चूल त्यांनी पाहिली होती. "तो शब्द नको बाई घरात," म्हणाल्या. काकांनी ताबडतोब 'टाळेबंदी' केलं, जसं काही त्याने फरक पडणार होता. पण तेव्हापासून आमच्याकडे तोच शब्द रूढ झाला.

तेवढ्यात काकांचं लक्ष बाल्कनीच्या सरकत्या काचांकडे गेलं. पाऊस आत येतो म्हणून सासूबाईंनी त्या घट्ट लावून घेतलेल्या. काका चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं सोसायटीच्या सभेतसुद्धा पाहिलेलं नाही. गॅस जळायला हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पाइपच्या गॅसला वास असतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला असा चिकटतो की ऑक्सिजनला जागा उरत नाही. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते, संपलं. "पाऊस येतोय तर येऊ दे. लादी पुसता येते," म्हणाले. त्या काचा त्या दिवसापासून वीतभर उघड्या आहेत. मध्ये एक लाकडी ठोकळा स्क्रूने पक्का केलाय, म्हणजे कोणी विसरून लावू म्हटलं तरी लागत नाहीत.

दुसरी तंबी मला मिळाली. पेटला नाही की आम्ही काय करायचो? नळ बंद, नळ चालू, बंद, चालू, सात-आठ वेळा. आमच्या गीझरला वेगळं बटण नाही, नळ बंद करून उघडला की टाळेबंदी उठते. पण प्रत्येक प्रयत्नात काही सेकंद न जळलेला गॅस सुटतो. तो हवेहून हलका, वर जातो, उघड्या बाल्कनीत विरतोही, पण बंद काचांमागे आठ वेळचा गॅस साठला आणि नवव्यांदा ठिणगी बसली तर? आता नियम असा: लागोपाठ दोनदा, मग पाच मिनिटं थांबायचं, आणि तिसऱ्यांदा नाही पेटला तर चुलीवर पातेलं.

मग सुरू झाली माझी नोकरी. रोज सकाळी पावणेसहाला स्टूल घेऊन बाल्कनीत बसायचं, हातात चहा, नजर गीझरच्या काचेवर. नोंदी कालनिर्णयवर. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, त्याच चौकोनात. भांडून बंद पडला तर 'टि', गप्प बसला तर 'ग', सोबत वेळ, कोणाची अंघोळ, पाऊस होता की नाही. नवरा म्हणाला, "एवढ्यात नवीन गीझर आला असता." आला असता. आणि तोही बंद पडला असता, हे आम्हाला नंतर कळलं.

दोन आठवड्यांत चौकोन बोलायला लागले. 'टि' सगळे पहाटेचे. मुलीच्या अंघोळीचे, म्हणजे दिवसातल्या पहिल्या पेटवणीचे, आणि रात्रभर धो धो कोसळलेल्या दिवसांचेच. एकदा पेटला की दिवसभर 'टि' नाही. 'ग' सगळे साडेसात ते सव्वाआठमधले. नवऱ्याच्या वाट्याचे. त्यांचा पावसाशी काही संबंध नाही. दोन वेगळे आजार, आणि आम्ही एकाच नावाने हाका मारत होतो. दुपारी ३ वाजता येणाऱ्या माणसाला यातला एकही दिसणं शक्य नव्हतं.

गॅसच्या प्रेशरचा संशय काकांनी दहा मिनिटांत निकालात काढला. गीझरवरचं स्टिकर बघितलं, पाइपच्या गॅससाठीचाच आहे ना, सिलिंडरवाला नाही ना. दोघांच्या जेटची भोकं वेगळी असतात, पाइपच्या गॅसची मोठी. मग शेगडीचे सगळे बर्नर पेटवून गीझर चालू केला. शेगडीची ज्योत तसूभरही बसली नाही. मीटरवर तासाला जास्तीत जास्त २.५ घनमीटर असं छापलेलं आहे. गीझर पूर्ण वेगाने सव्वा घनमीटरच्या आसपास घेतो, शेगडी त्याहून कमी. नवऱ्याने हे मान्य केलं, पण "काही वेळा असतं प्रेशर कमी" एवढं म्हणून घेतलंच.

'ग'चा उलगडा खरं तर नवऱ्यानेच केला, त्याच्या नकळत. त्याची तक्रार होती की आधी पाणी चटका बसेल इतकं तापतं आणि मग एकदम गार होतं. मी हे महिनाभर ऐकत होते आणि अतिशयोक्ती समजत होते. काकांनी ऐकलं आणि टाळी दिली. गॅस तेवढाच जळतोय आणि पाणी कमी येतंय, तर आलेलं पाणी जास्त तापणारच. म्हणजे विझण्याच्या आधी ओघ कमी होतोय. आणि चटका बसला की नवरा काय करतो? गार पाण्याचा नळ मोठा सोडतो. दोन्ही नळांना पाणी एकाच टाकीतून, एकाच बारीक पाइपने येतं. गार नळ मोठा केला की गीझरकडे जाणारं पाणी आणखी कमी, की स्विच सुटला, की "अगं, बंद पडला!"

मग आम्ही मापलं. एक लिटरचा मग आणि मोबाइलचं घड्याळ. पहाटे ६ला मग भरायला १४ सेकंद, म्हणजे मिनिटाला चार लिटरच्या वर. पावणेआठला २५ सेकंद, म्हणजे २.४ लिटर. पुस्तिकेत लिहिलंय, किमान २.५. इतकं काठावर. काठावर होतं म्हणूनच कधी चालायचं आणि कधी नाही.

कारण डोक्यावरच होतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. तळमजल्याला टाकीपासून चांगली उंची मिळते, आम्हाला जेमतेम तीन-साडेतीन मीटर, त्यातून पाइपातलं घर्षण वजा. सकाळी साडेसातला अख्खी सोसायटी अंघोळीला, टाकी तळाला लागलेली. वॉचमन पंप लावायचा ८ वाजता. टाकी सकाळच्या घाईआधी भरलेली हवी हे पंचवीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्रास फक्त चौथ्या मजल्याला आणि चौथ्यावर दोनच घरं. समोरच्यांकडे विजेचा गीझर, त्याला टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने आलं तरी चालतं.

त्यात भर म्हणून, गीझरच्या पाणी घेणाऱ्या तोंडाशी एक छोटी जाळी असते. ती काकांनी माझ्याकडूनच काढवली, आधी कॉक बंद करायला लावून. जाळीत गंज, वाळू आणि एक पांढरा पोपडा. मे महिन्यात टाकी साफ केली होती ना, तोच गाळ. जुन्या टूथब्रशने घासली. पावणेआठचा मग २५वरून १९ सेकंदांवर आला. पंपाची वेळ साडेसहा करून घ्यायला मात्र मला सेक्रेटरींशी तीनदा बोलावं लागलं. मगापेक्षा ते अवघड निघालं.

राहिला 'टि'. त्यासाठी काकांनी सांगितलं, "पावसाच्या रात्रीनंतर पहाटे बाल्कनीतला दिवा बंद ठेव आणि ठिणगी कुठे पडते ते बघ. झाकणाला हात लावायचा नाही, काचेतूनच." तशी पहाट मिळायला पाच दिवस गेले. ऑगस्टमध्ये मुंबईत पावसाची वाट बघणारी मी एकटीच असेन. मिळाली तेव्हा अंधारात गुडघ्यांवर बसले, मुलीला नळ उघडायला सांगितलं. टिक टिक टिक. ठिणगी पाडणारी सळी वेगळी असते; ठिणगी तिच्या टोकावर, बर्नरजवळ दिसायला हवी. तिथे काळोख. निळा ठिपका उडत होता तो खाली, सळीच्या बुडाशी, जिथे पांढरं चिनी मातीचं नळकांडं असतं तिथे. दुसऱ्यांदाही तिथेच. मुलगी आतून विचारत होती, "आई, करू का बंद?" आणि मी, "थांब, थांब, दिसतंय!"

नळकांड्याला केसाएवढी चीर होती. कोरडं असलं की ठिणगी टोकापर्यंत पोचायची. ओल आली की चिरेतल्या ओलीतून जवळच्या पत्र्यावर उडी मारायची, आणि टोकाशी गॅसला पेटवायला काहीच नाही. बर्नर एकदा तापला की ओल वाळायची आणि दिवसभर सगळं ठीक. आणि ओल कुठून यायची, तर वरून. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची टोपी कधीतरी वाऱ्याने उडून गेलेली, पाऊस सरळ आत. गीझरच्या पत्र्यावर गंजाचा एक ओघळ होता. मी तो रोज बघत होते, स्टुलावर बसून, चहा पीत. काकांचा अंदाज, तापलेल्या मातीवर गार थेंब पडूनच ती तडकली असावी.

कंपनीला चौथा फोन केला तेव्हा मी "बंद पडतो" म्हटलं नाही. म्हटलं, ठिणगीच्या सळीचं पोर्सिलेन तडकलंय, ते आणि धुराच्या पाइपाची टोपी घेऊन या. पलीकडे थोडा वेळ शांतता. आलेला मुलगा तरुण होता, चटपटीत. झाकण उघडून सळी काढली, नखाने चीर चाचपली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हे दुपारी नसतं दिसलं, मॅडम." सळी, टोपी आणि मजुरी मिळून ९५० रुपये. जाताजाता त्याने सेलचा व्होल्टेजही मोजला. नुसते असताना २.९, टिकटिक चालू असताना २.३. पहिल्या माणसाने घातलेले साधे सेल होते, ते मी अल्कलाइन आणून बदलले. म्हणजे पहिल्याचं निदान चूक आणि त्याचे सेलही चूक. जॉब कार्डवर या मुलाने काय लिहिलं ते तो गेल्यावर वाचलं: 'सेल बदलले. मशीन ओके.'

सासूबाईंनी ती तडकलेली सळी फेकू दिली नाही. फ्यूजच्या तारा आणि जुन्या किल्ल्यांच्या डब्यात आहे.

सप्टेंबरचे चौकोन कोरे आहेत, दुधाचे खाडे सोडून. ऑक्टोबरमध्ये एक 'ग' आहे, ११ तारखेला, पावणेआठचा. त्या दिवशी वॉचमन गावी गेला होता आणि पंप सेक्रेटरींनी लावला, उठल्यावर.